जळालेल्या डोंगरावर पुन्हा फूट कशी येते?

किनवट-माहूरच्या सागाच्या जंगलात उन्हाळ्यात वणवा लागतो आणि डोंगर काळाठिक्कर पडतो. पाऊस यायच्या आधीच पळसाच्या बुडाशी नवे धुमारे दिसू लागतात. ते पाहून ‘जळालं की रान चांगलं फुटतं’ असं अनेकजण म्हणतात. त्यात अर्धंच खरं आहे.

माती उष्णता फार खोल जाऊ देत नाही. पाल्याचा जाळ झपाट्यानं पुढे सरकतो, तेव्हा काही बोटं खालची मुळं शाबूत असतात. मोठ्या सागाला, सालईला जाड साल वाचवते. सागाच्या रोपाचा कोंब जळाला तरी मूळ दरवर्षी जाड होत जातं आणि पुरेसा साठा झाला की एखादा कोंब सरसर वर निघतो. शेंडा छाटलेली सागजडी, म्हणजे रोपाचं जाड मूळ, लावली तरी जगते, ती याच गुणावर. कुसळी गवताचं बी तर पीळ देत मातीत शिरतं आणि जाळातून वाचतं.

ब्रिटिश वनखात्यानं आगीला सरसकट शत्रू ठरवलं. 1864 मध्ये डीट्रिच ब्रँडिस पहिले वन महानिरीक्षक झाले, त्याच सुमारास मध्य प्रांतातल्या बोरीच्या जंगलात आग रोखण्याचे प्रयोग सुरू झाले. पुढे ब्रह्मदेशात मात्र उलटंच दिसलं. आग बंद झाल्यावर बांबू आणि झुडपांची दाटी वाढली आणि उजेडाविना सागाची रोपं खुरटली. तरीही तो धडा आपल्याकडे जसाच्या तसा लावणं चूक ठरेल. तिथला पाऊस भरपूर, आपलं रान कोरडं.

किनवट तेव्हा निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होतं, 1956 मध्ये ते नांदेडला जोडलं गेलं. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळणं, कोवळ्या गवतासाठी माळ पेटवणं या रीती त्याहून कितीतरी जुन्या. त्यासाठी केवळ गोंड, कोलाम, आंध लोकांना दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. माळ तर मराठवाड्यातल्या बालाघाटाच्या डोंगरांतही पेटतात.

खरा घात होतो तो दरवर्षीच्या आगीनं. रोप गुडघाभर व्हायच्या आत पुन्हा जळतं, मुळातला साठा आटतो आणि बालाघाटाच्या उघड्या उतारांवर कुसळीच माजते. नव्या लागवडीतल्या रोपांना तर जुनं मूळच नसतं, ती एका वणव्यात संपतात. राज्यात आगीचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून धरतात. म्हणून जाळरेषा, म्हणजे आग अडवायला पाला-गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे, त्याआधीच साफ व्हायला हव्यात, आणि त्याही लागवडीच्या कडेनं आधी.