‘ॲन’ अक्षर बघून नाही, उच्चार ऐकून लागतं

‘ए, ई, आय, ओ, यू या अक्षरांआधी ॲन, बाकीच्यांआधी अ’ हा इंग्रजीतल्या ‘a’ आणि ‘an’चा नियम शाळेपासून सदाशिव पेठेतल्या स्पर्धा परीक्षांच्या क्लासपर्यंत मुलं घोकत येतात. तो चुकीचा आहे.

बघायचा तो पुढच्या शब्दाचा पहिला उच्चार. ‘अवर’मधला एच मुका, म्हणून ‘ॲन अवर’. ‘युनिव्हर्सिटी’ यू अक्षराने सुरू होते, पण ऐकू येतो ‘य’, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. आपला लक्ष्मी रस्ताही ‘अ वन-वे रोड’च.

खरी गफलत लघुरूपांत होते. ‘अ यूपीएससी ॲस्पिरंट’, पण ‘ॲन एमपीएससी ॲस्पिरंट’. घोकलेला नियम दोन्हीकडे नेमकं उलटं उत्तर देतो, आणि तेही याच परीक्षा देणाऱ्या मुलांना!

मराठी माणसाला कसोटी सोपी आहे. शब्द देवनागरीत लिहून बघा: सुरुवातीला स्वर आला तर ॲन, व्यंजन आलं तर अ. मात्र ‘एम’ला ‘यम’ आणि ‘एग’ला ‘येग’ म्हणायची सवय असेल, तर कसोटी फसते. आधी उच्चार नीट करा.

जुन्या इंग्रजी पुस्तकांत ‘ॲन हॉटेल’ सापडतं, कारण तेव्हा अनेकजण त्यातला एच उच्चारत नसत. आज ‘अ हॉटेल’ लिहा.