दारावर सगळे येतात, पोरांचं काय?

खान्देशात घरात माणूस गेलं की गाव दारावर येतं. ओट्यावर सतरंजी पडते, घरची चूल बंद म्हणून भाऊबंदांकडून डबे येतात, आणि पुढे पत्रिकेत छापतात ते उत्तरकार्य, गंधमुक्ती हे दुखवट्याचे विधी. मागे राहिलेल्या बाईजवळ कोणी बसायचं, म्हाताऱ्याला कोणी धरायचं, हे सगळं ठरलेलं. लहान पोरांना मात्र शेजारी पाठवून देतात. थोरला मुलगा असेल तर उलटंच: केस काढून हातात मडकं, आणि त्याच दुपारी कोणीतरी पाठीवर हात ठेवून म्हणतं, ‘आता तूच घरचा कर्ता.’ वय नऊ असो की एकोणीस. मुलीच्या वाट्याला तेवढंही नाही, ती बायकांत बसून राहते.

यात दुष्टपणा नव्हता. ‘पोरांना काय कळतं’ ही समजूत गावचीच नव्हे, शास्त्राचीही होती. १९३७ साली हेलेन डॉइच या मनोविश्लेषक बाईंनी मांडलं की शोकाचा भार पेलण्याइतकं लहान मुलाचं मन घडलेलंच नसतं. १९४८ मध्ये मानसशास्त्रज्ञ मारिया नॉज यांचा बुडापेस्टमधला अभ्यास छापून आला, तेव्हा कुठे ३ ते १० वर्षांच्या मुलांनाच विचारलं गेलं की मरण म्हणजे काय. पाचच्या आतल्यांना ते प्रवासासारखं किंवा झोपेसारखं वाटे, म्हणजे माणूस परतणार. नऊच्या आसपास ते कायमचं असतं हे समजू लागे. वयाच्या या रेषा पुढे बऱ्याच सैल झाल्या, पण मुद्दा टिकला. ‘बाबा गावाला गेले’ असं सांगितलेलं चार वर्षांचं पोर एस.टी.ची वाट बघत बसतं, ते अडाणीपणाने नव्हे. त्याला जे सांगितलं ते त्याने खरं मानलं.

१९६० मध्ये ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी तर म्हटलं की तान्हं बाळही शोक करतं. त्यावर मोठा वाद झाला. विरोधकांत बालमनोविश्लेषक अ‍ॅना फ्रॉइडही होत्या. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड इथे ब्रेन ट्यूमरने गेलेल्या डगी नावाच्या मुलाच्या नावाने केंद्र निघालं. आई-बाप किंवा भावंड गमावलेली मुलं तिथे एकत्र खेळतात, वाटलं तर बोलतात.

माझ्या मते सगळ्यात मोठं वळण १९९६ चं. गेलेल्या माणसातून मन काढून घ्या, हा मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांचा १९१७ पासूनचा सल्ला तोवर चालत आला होता. क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी उलट सांगितलं: नातं संपत नाही, त्याचं रूप बदलतं. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरतात, विस्तवावर आगारी, म्हणजे पितरांचा घास, टाकतात, पितरांची नावं घेतात, ते दुसरं काय आहे? फक्त त्या विस्तवाजवळ पोराला बसवून ‘तुझ्या बापाला काय आवडायचं रे?’ असं कोणी विचारत नाही.

सरकारी मदत आली ती रकमेच्या वाटेने. कापूस पट्ट्यातल्या शेतकरी आत्महत्यांनंतर १ लाखाची मदत ठरली, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. कोरोनात दोन्ही पालक गेलेल्या मुलांसाठी राज्याने २०२१ मध्ये ५ लाखांची मुदत ठेव जाहीर केली. आई-बापाचा आधार तुटलेल्या मुलांसाठीच्या बालसंगोपन योजनेचं मासिक अनुदान २०२३ मध्ये २,२५० रुपये झालं. पैसा लागतोच; फी थकली की शाळा सुटते. पण पोराच्या मनात काय चाललंय याचा रकाना या अर्जांत नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसची १४४१६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन सुरू झाली, मुलांसाठीची १०९८ त्याआधीपासून आहे. तरी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या आश्रमशाळेतल्या, पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलीने फोन लावून प्रमाण मराठीत आपल्या आईबद्दल सांगावं, ही अपेक्षा जास्तच झाली. तिथे आधी लागेल ती तिची बोली जाणणारी मावशी किंवा शिक्षिका.