उभ्या गाडीची बॅटरी कोण खातं?

गाडी सुरू करताना सेल्फ साधारण 150 अँपिअर करंट ओढतो. आकडा दचकवणारा आहे, पण हा खेळ दोन सेकंदांचा. हिशेब केला तर बॅटरीतून गेले जेमतेम 0.08 अँपिअर-तास. डिकीतला 5 वॅटचा इवलासा दिवा तेवढीच वीज 12 मिनिटांत संपवतो. आणि तो रात्रभर जळत राहिला, तर त्याला थांबवायला कोणी नसतं.

माझ्या गाडीने हा धडा मला दोनदा दिला. दोन दिवस उभी राहिली की तिसऱ्या सकाळी नुसतं टक् टक् टक्. बॅटरी गेली असं सांगण्यात आलं, नवी बसवली, आणि पुढच्याच आठवड्यात तीही उतरली. तेव्हापासून मी हे ठामपणे सांगतो: बॅटरी बदलण्याआधी गळती मोजा, म्हणजे बंद गाडी बॅटरीतून किती करंट ओढते ते बघा. कारण पूर्ण उतरलेल्या अवस्थेत पडून राहिलेल्या लेड-ॲसिड बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक जमतात आणि तिची क्षमता कायमची घटते. गळती तशीच राहिली, तर नव्या बॅटरीचीही तीच गत होते.

आधी एक गोष्ट पक्की करावी. बॅटरी पूर्ण चार्ज करायची, निगेटिव्ह टर्मिनल सोडून ठेवायचं आणि रात्रभरानंतर व्होल्टेज बघायचं. 12.6 च्या आसपास असेल तर बॅटरी सहसा ठीक आहे, दोष गाडीत शोधायचा. 12.2 म्हणजे जवळपास निम्मी रिकामी. काही न जोडताही ती इतकी खाली आली असेल, तर बॅटरीच आतून खराब आहे.

उभ्या गाडीने थोडा करंट ओढणं हा दोष नव्हे. घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म, इंजिनाच्या कंट्रोल युनिटची स्मरणशक्ती यांना मिळून साधारण 20 ते 50 मिलिअँपिअर लागतात. 30 मिलिअँपिअर धरले, तर महिन्याला सुमारे 22 अँपिअर-तास झाले. म्हणजे 45 अँपिअर-तासांची बॅटरी निरोगी गाडीतही महिन्याभरात निम्मी होते. त्यामुळे गाडी दीड महिना उभी होती आणि सुरू झाली नाही, तर तिथे चोर शोधण्यात अर्थ नाही. तीन दिवसांत उतरली, तर मात्र शोधलंच पाहिजे.

इथे खरी गंमत सुरू होते: गाडी झोपेत असतानाच मोजमाप करावं लागतं, आणि आपण जवळ गेलो की ती जागी होते. आजच्या गाडीत डझनावारी छोटे संगणक, म्हणजेच कंट्रोल युनिटं, एकमेकांशी बोलत असतात. 1986 मध्ये बॉश कंपनीने मांडलेली कॅन ही व्यवस्था त्यासाठीच वापरतात. दार उघडलं, रिमोट दाबला, नुसती चावी खिशात ठेवून जवळ उभं राहिलं, तरी त्यातला कोणीतरी उठतो आणि बाकीच्यांना उठवतो. ते पुन्हा शांत व्हायला कुठे 20 मिनिटं लागतात, कुठे चाळीसहून जास्त. म्हणून आधी सगळी तयारी करून घ्यायची. दार उघडंच ठेवायचं, पण त्याचं लॉक स्क्रू ड्रायव्हरने ढकलून बंद करायचं, म्हणजे गाडीला दार लागल्यासारखं वाटतं. बॉनेटच्या लॉकचंही तसंच. चावी दूर ठेवायची. आणि मग वाट बघायची. घाई करणाऱ्याला दोन-तीन अँपिअरचा आकडा दिसतो आणि तो नसलेला दोष शोधत बसतो.

करंट मोजायची रूढ पद्धत म्हणजे निगेटिव्ह टर्मिनल आणि त्याची वायर यांच्यामध्ये मल्टिमीटर जोडणं. मीटरची लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात हवी. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ अजिबात मारायचा नाही, इग्निशनही चालू करायचं नाही. मीटरचा फ्यूज उडेल, कदाचित मीटरही जाईल. हात घालायचा तो निगेटिव्ह बाजूलाच. पॉझिटिव्हवर लावलेला पाना बॉडीला टेकला, तर बॅटरी थेट शॉर्ट होते. बोटातली अंगठी आणि मनगटातलं घड्याळ आधी काढून ठेवा.

या पद्धतीत एक अडचण आहे. टर्मिनल सुटलं आणि परत जोडलं, की सगळी युनिटं उठून बसतात. पुढे एकेक फ्यूज काढून बघायला लागलो, तर तो परत बसवताना पुन्हा तेच. कधीकधी तर अडकून जागं राहिलेलं युनिट या झटक्याने सुधारतं आणि दोष डोळ्यांसमोरून नाहीसा होतो, तात्पुरता. डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर असेल, तर तो वायरभोवती नुसता अडकवायचा. काहीच सोडावं लागत नाही.

मला सर्वांत आवडते ती तिसरी पद्धत. फ्यूज ही शेवटी एक धातूची पट्टी आहे, आणि तिलाही थोडा रोध, म्हणजे करंटला अडथळा, असतो. 10 अँपिअरच्या नेहमीच्या पात्याच्या फ्यूजचा रोध साधारण 7.5 मिलिओम. जॉर्ज ओमने 1827 मध्ये मांडलेला नियम इथे थेट कामाला येतो: करंट वाहत असेल, तर फ्यूजच्या दोन टोकांमध्ये थोडं व्होल्टेज दिसणारच. फ्यूजच्या माथ्यावर दोन बारीक धातूचे ठिपके उघडे असतात, ते याचसाठी. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून दोन पिना त्या ठिपक्यांवर टेकवायच्या. शून्य आलं की पुढचा फ्यूज. काही काढायचं नाही, कोणाला उठवायचं नाही. फ्यूजची क्षमता बदलली की रोधही बदलतो, म्हणून नेमका करंट काढायचा तर तक्ता हवा. पण कोणती लाइन जागी आहे एवढं कळायला शून्य आणि शून्य-नाही इतकंच पुरे.

सगळे फ्यूज शून्य दाखवत असतील आणि तरी गळती असेल, तर नजर अल्टरनेटरकडे, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राकडे, वळवावी. त्याची जाड वायर नेहमीच्या छोट्या फ्यूजांतून जात नाही. करंट एकाच दिशेने जाऊ देणारे आतले डायोड गळके झाले की बॅटरीतला करंट उलटा त्यात शिरतो, आणि तासन्‌तास उभ्या असलेल्या गाडीचा अल्टरनेटर हाताला कोमट लागतो. चिकटलेला रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, तोही असाच कोमट लागतो. नंतर बसवून घेतलेल्या वस्तूंवर तर माझा पहिला संशय असतो: डॅशकॅम, ट्रॅकर, म्युझिक सिस्टिमचा ॲम्प्लिफायर. यांच्या वायरी बऱ्याचदा गाडीच्या फ्यूजबॉक्सला वळसा घालून थेट बॅटरीवर जोडलेल्या असतात, म्हणून त्या वेगळ्या तपासाव्या लागतात.

माझ्या गाडीत आतल्या दिव्यांच्या 10 अँपिअरच्या फ्यूजवर 3.1 मिलिव्होल्ट आले. भागून बघितलं: 0.41 अँपिअर, म्हणजे जवळपास 5 वॅट. एका दिव्याएवढे. गाडीतला, आरशाजवळचा, दोन्ही दिवे बंदच होते. डिकी उघडून बघण्यात अर्थ नव्हता, उघडली की दिवा लागणारच. मग मोबाइलवर व्हिडिओ सुरू केला, तो डिकीत ठेवला, झाकण लावलं आणि पाच मिनिटांनी काढून बघितला. झाकण लागल्यावरही चित्रात स्टेपनीचं कव्हर पिवळ्या उजेडात स्वच्छ दिसत होतं. झाकणाच्या स्विचची पट्टी किंचित वाकली होती. ती सरळ केल्यावर, गाडी झोपू दिल्यावर, क्लॅम्प मीटरवर 0.03 अँपिअर उरले.