सरकार फिरतं, राज्य का फिरत नाही?

१९७० साली परळच्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. परळ म्हणजे लाल बावट्याचा बालेकिल्ला. भाकपचे आमदार कृष्णा देसाई यांचा त्याच वर्षी जूनमध्ये खून झाला होता आणि त्यांच्या जागी त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या होत्या. सहानुभूती धरली तर निकाल ठरलेलाच होता, तरीही जागा गेली. शिवसेनेला विधानसभेत पहिला आमदार मिळाला तो असा. गिरणगाव फिरलं, असंच कुणालाही वाटावं. पण पुढे कित्येक वर्षं त्याच चाळींतली माणसं गिरणीत लाल बावट्याची वर्गणी भरत आणि संध्याकाळी शाखेवर जाऊन बसत. मत गेलं दुसरीकडे. बोनस आणि भरपगारी रजेवरचा हक्क मात्र कुणी सोडला नाही.

पुरोगामी म्हणवणारं राज्य सनातनी वळणावर जाईल का, हा प्रश्न आपल्याकडे दर निवडणुकीनंतर निघतो. राज्यशास्त्र आणि मानसशास्त्र यांनी त्यावर बरंच काम केलंय, आणि त्याचं उत्तर निकालाच्या रात्री टीव्हीवर दिसतं त्यापेक्षा बरंच संथ आहे.

माणसाचा राजकीय कल घडतो तो मुख्यतः तरुणपणी, साधारण अठरा ते पंचवीस या वयात. याचा सगळ्यात गाजलेला अभ्यास अमेरिकेतल्या बेनिंग्टन या, तेव्हा फक्त मुलींच्या असलेल्या, कॉलेजातला. थिओडोर न्यूकम या मानसशास्त्रज्ञाने तो १९३०च्या दशकात सुरू केला. मुली यायच्या सुखवस्तू, रिपब्लिकन म्हणजे तिथल्या उजव्या पक्षाच्या घरांतून. शिकवणारे बहुतेक डेमोक्रॅट अध्यक्ष रूझवेल्टच्या बाजूचे. १९३६च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी पहिल्या वर्षाच्या मुलींचं बहुमत, घरच्यासारखंच, रिपब्लिकन लँडनच्या बाजूने होतं. वरच्या वर्गांत लँडनवाल्या अगदी थोड्या उरल्या होत्या. न्यूकमने त्याच बायकांना १९६०च्या सुमारास पुन्हा गाठलं, आणि १९८४ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी परत एकदा. तोवर त्या आजी झाल्या होत्या, पण बहुतेकींचा कल कॉलेजात लागला होता तोच राहिला होता. मला यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो: नवरा आणि मैत्रिणी त्याच विचारांच्या मिळाल्या, तिथे मत जास्त टिकलं. थोडक्यात, मताला शेजार लागतो. गिरणगावात तो चाळीने, खानावळीने आणि युनियनने पुरवला होता. १८ जानेवारी १९८२ला अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, आणि तो शेजारच मोडला. लालबागच्या कामगाराला कुणी वादात हरवून उजवीकडे नेलं, असं झालं नाही.

शेजार शाबूत असला तर बदल किती हळू होतो, याचं साधं गणित करता येतं. समजा एका राज्यात १०० मतदार आहेत आणि त्यातले ६० पुरोगामी बाजूचे. माणूस पन्नास वर्षं मतदान करतो असं धरलं, तर दर पाच वर्षांनी दहा म्हातारे यादीतून जातात आणि दहा नवे येतात. जाणाऱ्या दहांत सहा पुरोगामी. येणारी पोरं उलट्या कलाची, म्हणजे त्यांच्यात सरासरी साडेचारच पुरोगामी, असं मानू. दर निवडणुकीला दीड मत घटणार. सहा निवडणुकांनंतरही आकडा ५१ असतो. सातवीला तो ४९.५ होतो. पस्तीस वर्षं गेली, आणि तीही सातच्या सात खेपा एकाच दिशेने झुकल्या तर! बाहेरून माणसं आली तर हे बदलतं, हे खरं. अमेरिकेतलं व्हरमाँट १८५६ ते १९६० अध्यक्षीय निवडणुकीत सलग रिपब्लिकन होतं. बाहेरच्या राज्यांतून तरुण येऊन राहू लागले आणि १९९२पासून ते सलग डेमोक्रॅट आहे. तिथेही एक पिढी लागलीच.

मग सरकारं पाच वर्षांत कशी पडतात? ख्रिस्तोफर व्लेझीन या राज्यशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये लोकमताची तुलना तापमान आपोआप आवरणाऱ्या थर्मोस्टॅटशी केली. सरकार एका दिशेने फार गेलं की लोकांना थोडं उलट हवंसं वाटतं. मे महिन्यात एसी लोकलमध्ये शिरताना गारवा हवासा असतो, दादर येईपर्यंत तोच बोचू लागतो. पण डब्यातला एसी उपटून टाका, असं कुणी म्हणत नाही.

कायद्यांचं तसंच होतं. १९७२च्या दुष्काळातून वर आलेली रोजगार हमी १९७७ मध्ये कायद्यात आली. १९९५ला युतीचं सरकार आलं, पण हमी राहिली. जादूटोणाविरोधी कायदा झाला २०१३ मध्ये, काँग्रेस आघाडीच्या काळात. पुढच्या वर्षी सरकार बदललं, कायदा राहिला; उलट २०१६ मध्ये त्याच नव्या सरकारच्या काळात जातपंचायतींच्या सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा विधिमंडळाने मंजूर केला. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवून दिलं होतं की मिळण्याच्या आनंदापेक्षा तेवढंच गमावण्याचं दुःख माणसाला जास्त जाणवतं. कॅन्ससमध्ये याचा प्रत्यय आला. हे राज्य पक्कं रिपब्लिकन. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचं घटनात्मक संरक्षण काढून घेतलं आणि ऑगस्टमध्ये कॅन्ससच्या मतदारांसमोर राज्यघटनेतलं संरक्षणही काढण्याचा प्रस्ताव आला. सुमारे ५९ टक्क्यांनी तो फेटाळला.

अपवादही आपल्या घरातच आहे. २०१५ला महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी लागू झाली आणि ती टिकली. ज्यांचं नुकसान झालं ते खाटीक, चामड्याचे व्यापारी आणि म्हातारे बैल विकू न शकणारे शेतकरी एकमेकांपासून लांब होते. एकत्र येऊन बोलणं त्यांना फारसं जमलं नाही. हक्क किती लोकांच्या हातात आहे आणि ते एकमेकांना ओळखतात का, यावर तो टिकणं बरंचसं अवलंबून असतं.

त्याहून मला जास्त काळजी वाटते ती कायदा जागेवर ठेवून तो पोकळ करण्याची. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने २२ जून १९९४ला केली, केंद्राच्या आधी अकरा वर्षं. ती रद्द करा असं एकही पक्ष म्हणणार नाही. पण वडील गेल्यावर भाऊ बहिणीला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात घेऊन जातो, मुद्रांक शुल्क किरकोळच लागतं, आणि ती हक्कसोडपत्रावर अंगठा किंवा सही करून संध्याकाळच्या गाडीने सासरी परतते. माहेर तुटायला नको, एवढंच तिचं गणित असतं. महाराष्ट्र मागे चाललाय की नाही, हे मला कुणी मोजायला सांगितलं तर विधानसभेतल्या जागांआधी मी ही हक्कसोडपत्रं मोजायला बसेन.