हवेत लटकलेलं चाक

जुनी छोटी पिकअप आडवाटेला घालायची म्हटलं की लोक आधी इंजिनाची ताकद विचारतात. ताकद तिथे क्वचितच कमी पडते. टोयोटाने १९७९ मध्ये चारचाकी ओढीची हायलक्स आणली, तेव्हा तिचं इंजिन १०० अश्वशक्तीच्याही आत होतं. काम करतात ते गिअर. पहिल्या गिअरचं गुणोत्तर ४, लो रेंजचं (अवघड वाटेसाठीच्या जादा हळू गिअरचं) २.३ आणि अ‍ॅक्सलमधलं ४ धरा. इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क, चाकापर्यंत पोचेतो जवळपास ३७ पट झालेला असतो.

गाडी अडते ती मागच्या पाट्यांमुळे, म्हणजे लीफ स्प्रिंगमुळे. पाटे बनवलेले मालासाठी, आणि हौदा रिकामा. ओझं नसलं की ते ताठच राहतात. तिरका चर ओलांडताना चाकाने खाली उतरून जमीन धरायला हवी. ते वरच लटकतं आणि गरगर फिरू लागतं. त्याच अ‍ॅक्सलचं दुसरं चाक जमिनीवर घट्ट बसलेलं असूनही ढिम्म हलत नाही.

याचं कारण डिफरन्शियल. वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा हा दातेरी जुगाड दोघांना पीळ मात्र सारखाच वाटतो. हवेतल्या चाकाला फिरायला जेमतेम काही लागतं, म्हणून दुसऱ्यालाही तेवढंच मिळतं. पुढच्या बाजूलाही तिरप्या कोपऱ्यातलं चाक उचललं गेलं की फोर बाय फोर असूनही गाडी जागच्या जागी.

अशा वेळी हँडब्रेक थोडा ओढण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो ब्रेक मागच्या दोन्ही चाकांना लागतो. मोकळ्या चाकाला अडवून जमिनीवरच्या चाकाकडे जो जादा पीळ जातो, तो तिथला ब्रेकच खाऊन टाकतो. साध्या डिफरन्शियलमध्ये हिशेब जवळपास शून्यावर येतो. नव्या गाड्यांतली यंत्रणा फक्त मोकळं चाक धरते, म्हणून तिथे हीच कल्पना चालते.

जुन्या गाडीला खरा उपाय लॉकर, म्हणजे दोन्ही चाकं जखडून एकत्रच फिरवणारा भाग, पण तो खर्चिक. स्वस्तातला उपाय म्हणजे अ‍ॅक्सलच्या वर हौद्यात वाळूची पोती. पाटे बसतात, चाक टेकतं. (आधी चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, हातोडीने ठोकून बघा. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला तर आतून गंज आहे, आणि मग पोती विसरा.) मऊ वाळूत मात्र हेच वजन गाडी रुतवतं.

तिथे टायरची हवा कमी करायची. चाकावर ४०० किलो भार आणि ३५ पीएसआय हवा असेल, तर ढोबळमानाने १६० चौरस सेंटिमीटर टायर जमिनीला टेकतो. १८ पीएसआयला तो ३०० च्या पुढे जातो. ठसा रुंदीपेक्षा लांबीने जास्त वाढतो, एखाद्या छोट्या पट्ट्यासारखा. डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा परत भरायची, कारण वेगात मऊ टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला मुडपते आणि तापत जाते.