दिव्यांगांचे कलावर्ग : छळ आणि हेळसांडीपासून संरक्षण

दिव्यांग मुलं-माणसं नाच, गाणं, नाटक, चित्रं, हलगी-लेझीम असं काही शिकायला जिथे एकत्र येतात तिथे त्यांना मारहाण, अपमान, लैंगिक त्रास, लुबाडणूक किंवा नुसतीच हेळसांड सोसावी लागू नये म्हणून आधीच करून ठेवायची व्यवस्था. शाळा आणि वसतिगृहापेक्षा हा विषय वेगळा पडतो, कारण कलावर्ग बहुतेकदा रजिस्टर नसतो, आठवड्यातून दोन-तीनदा भरतो, शिकवणारे हौशी किंवा मानधनावरचे असतात आणि मूल घराबाहेर पडतंय याचंच आईवडलांना इतकं समाधान असतं की पुढचं कुणी विचारत नाही. सोलापुरात असे वर्ग विशेष शाळेच्या आवारात, समाजमंदिरात नाहीतर पूर्व भागातल्या एखाद्या मंडळाच्या हॉलमध्ये भरू शकतात, आणि वर्षातला मोठा दिवस म्हणजे 3 डिसेंबर, जागतिक दिव्यांग दिन.

उगम

सामुदायिक कला, म्हणजे सामान्य लोकांनी एकत्र येऊन केलेली कला, ही चळवळ म्हणून साधारण 1960 च्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये उभी राहिली असं धरलं जातं. दिव्यांगांसाठी काम करणारी लंडनची शेप ही संस्था 1976 ची, दिव्यांग कलाकारांची ग्रेआय ही नाटक कंपनी 1980 ची. तेव्हा सगळा भर संधी मिळण्यावर होता, आत गेल्यावर माणूस सुरक्षित आहे का हा प्रश्न मागून आला. तो कुठून आला यावर दोन मतं दिसतात. एक मत असं की बालसंरक्षणातून आला: 2002 मध्ये इंग्लंडमधल्या सोहॅम इथे एका शाळेच्या केअरटेकरने दोन मुलींचा खून केला, त्याच्याबद्दलच्या जुन्या तक्रारी पोलिसांकडे येऊन गेल्या होत्या तरी नोकरी देताना कळल्या नाहीत, मग 2004 चा बिचर्ड चौकशी अहवाल आणि त्यातून माणसं कामावर घेण्याआधी तपासायचा 2006 चा कायदा, ज्यात मुलांबरोबर असुरक्षित प्रौढही आले. दुसरं मत बंद संस्थांमधल्या छळाकडे बोट दाखवतं. कॅनडातले डिक सॉब्सी यांच्यासारख्या संशोधकांनी 1990 च्या आसपास मांडलं की धोका अपंगत्वामुळे तेवढा नसतो, जेवढा सांभाळायच्या पद्धतीमुळे असतो, म्हणजे एकटं पाडणं, दुसऱ्यावर अवलंबून ठेवणं आणि लहानपणापासून 'सांगतील ते ऐकायचं' हेच शिकवणं.

महाराष्ट्रापुरतं दुसरं मत जास्त पटतं. आपल्याकडे हा विषय गाजला तो 2010–11 च्या सुमारास, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या मतिमंद मुलांच्या वसतिगृहांतली प्रकरणं बाहेर आली आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली तेव्हा. त्यामुळे तपासण्या, समित्या, नियम सगळं निवासी संस्थांभोवती उभं राहिलं आणि संध्याकाळी दोन तास भरणारा वर्ग नजरेतून सुटला तो सुटलाच.

प्रमाण सांगताना 2012 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एकत्रित अभ्यासाचा आधार घेतात. त्यात दिव्यांग मुलांवर हिंसा होण्याची शक्यता इतर मुलांच्या 3.7 पट आणि लैंगिक हिंसेची 2.9 पट निघाली, पण त्यातले अभ्यास श्रीमंत देशांतले असल्यामुळे हे आकडे सोलापूरला जसेच्या तसे लावू नयेत, दिशा तेवढी घ्यावी.

कायदा आणि त्यातले घोळ

संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार भारताने 1 ऑक्टोबर 2007 ला मान्य केला. त्यातलं कलम 16 छळ-शोषणापासून मुक्ततेचं, कलम 30 सांस्कृतिक जीवनात भाग घ्यायचं. त्यावरून झालेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे, त्यातही संरक्षणाचं कलम 7 आणि कला-करमणुकीचं कलम 29 अशी दोन्ही आहेत, पण कला शिकताना संरक्षण कसं द्यायचं हे दोन्हीकडे नाही.

खरी अडचण नोंदणीची आहे. कलम 50 प्रमाणे नोंदणीशिवाय दिव्यांगांसाठी संस्था चालवता येत नाही, आणि कलम 2 मधली संस्थेची व्याख्या बघितली तर त्यात सांभाळ, शिक्षण, प्रशिक्षण, पुनर्वसन आणि इतर कोणतेही उपक्रम एवढं सगळं येतं. मग शनिवार-रविवार गच्चीवर सहा मुलांना तबला शिकवणारा माणूस संस्था चालवतो का? शब्दशः वाचलं तर प्रशिक्षण आहे, उपक्रम आहे, म्हणजे चालवतो. पण संस्था म्हणजे कार्यकारिणी, जागा, कायमचा कारभार असलेलं काहीतरी, असा अर्थ घेतला तर नाही, आणि व्यवहारात हाच दुसरा अर्थ सगळ्यांना सोयीचा पडतो. इथे पहिला अर्थ योग्य मानलाय, निदान जिथे फी किंवा देणगी घेतली जाते आणि पालक थांबत नाहीत तिथे तरी.

वयाचा घोळ याहून मोठा. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून वाचवण्यासाठीचा पॉक्सो कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे आणि 18 च्या आतल्या कुणालाही तो संरक्षण देतो. कलम 19 प्रमाणे ज्याला गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होईल अशी शंका आली त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचंच असतं, नाही कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचं झाकलं तर एक वर्षापर्यंत. मुलाच्या अपंगत्वाचा फायदा घेऊन केलेला गुन्हा कायदा गंभीर प्रकारात धरतो. पण कलावर्गात पंचवीस-तीस वर्षांची बौद्धिक अक्षमता असलेली माणसंही असतात आणि त्यांना सगळे 'आमची मुलं'च म्हणतात. त्यांचं मानसिक वय धरून पॉक्सो लावावा का, हा प्रश्न ईरा विरुद्ध दिल्ली सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि 21 जुलै 2017 ला उत्तर आलं की नाही, जन्मतारखेचंच वय. या निकालाने एक मोठा गट उघड्यावर पडला असं काही जण म्हणतात, त्यात तथ्य आहे, पण प्रौढ माणसाला कायद्याने कायमचं मूल ठरवलं तर त्याचं मत, मैत्री, लग्न सगळंच इतरांच्या हातात जातं, त्यामुळे निकालाच्या बाजूनेही बरंच बोलता येतं.

प्रौढांसाठी मग दिव्यांग हक्क अधिनियमाचं कलम 7 राहतं: कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, म्हणजे व्यवहारात बहुधा तहसीलदार किंवा प्रांताला, कळवू शकतो. त्याच अधिनियमाच्या कलम 92 मध्ये अशा अत्याचारांना सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. दिव्यांग स्त्रीने लैंगिक गुन्ह्याची फिर्याद द्यायची तर पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी जाऊन, दुभाषी किंवा विशेष शिक्षक सोबत घेऊन, व्हिडिओत ती नोंदवायची, ही तरतूद फौजदारी कायद्यातल्या 2013 च्या दुरुस्तीने आली आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. दिव्यांग साक्षीदाराची साक्ष केवळ अपंगत्वामुळे कमी दर्जाची मानायची नाही हे सर्वोच्च न्यायालयाने पाटण जमाल वली खटल्यात 27 एप्रिल 2021 ला स्पष्ट केलं, तिथे पीडित बाई अंध होत्या.

हेळसांड

छळावर निदान लिहिलं-बोललं जातं, हेळसांडीकडे कुणी बघत नाही, आणि कार्यक्रमाच्या दिवशी ती सगळ्यात जास्त होते. चारचा कार्यक्रम असतो, मुलांना अकरापासून मेकअप करून बसवलेलं असतं, प्रमुख पाहुणे सहाला येतात, तोपर्यंत ड्रेस खराब होईल म्हणून खायला द्यायचं नाही आणि लघवीला लागेल म्हणून पाणी द्यायचं नाही. व्हीलचेअर आत जाईल असं टॉयलेट मेकअप रूमच्या जवळ नसलं की हे न बोलता ठरूनच जातं. करणाऱ्या ताई-दादांच्या मनात काही वाईट नसतं, मुलांसाठी ते स्वतःही उपाशी असतात, पण कलम 92 मध्ये ज्याच्या ताब्यात दिव्यांग व्यक्ती आहे त्याने जाणूनबुजून अन्न-पाणी नाकारणं हा गुन्हा म्हणून लिहिलाय आणि त्याला कार्यक्रमाचं कारण पुरत नाही. स्टेजवर बरं दिसत नाही म्हणून कानाचं मशीन काढून ठेवायला लावणं, विंगेत जागा नाही म्हणून कुबड्या किंवा व्हीलचेअर लांब नेऊन ठेवणं, हेही त्याच कलमाच्या जवळ जातं, कारण सहायक साधनाच्या वापरात मुद्दाम अडथळा आणणं त्यात आहे.

सोलापुरात यात उन्हाची भर पडते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, मानेजवळ मणक्याला इजा झालेल्यांना खालच्या भागात घाम नीट येत नाही त्यामुळे अंग तापत जातं, आणि फिटच्या काही गोळ्यांनीही घाम कमी होतो. अशांची पत्र्याच्या हॉलमध्ये दुपारची तालीम ठेवूच नये. तालीम लांबली म्हणून फिटच्या गोळीची वेळ चुकणं हीसुद्धा हेळसांडच. यावर उपाय साधा आहे, प्रत्येकाच्या नावाने एक पान: गोळीची वेळ, टॉयलेटला मदत कोण करणार, फिट आली तर काय करायचं, आणि 'नको' हे तो कसं सांगतो. मदतनीस ठरलेला हवा आणि त्याला त्या दिवशी दुसरं काम द्यायचं नाही, त्याने फोटो काढायचे नाहीत की माइक लावायचे नाहीत.

स्पर्श

'हात लावायचाच नाही' असा नियम इथे चालत नाही. अंध मुलीला हस्तमुद्रा हात धरूनच शिकवावी लागते, कर्णबधिर मुलगा हलगीच्या कातड्यावर तळवा ठेवून ठेका पकडतो, सेरेब्रल पाल्सी असलेल्याला उभं करताना आधार लागतोच. म्हणून नियम असा हवा की आधी सांगायचं ('आता मनगट धरतेय, चालेल?'), उत्तराची वाट बघायची, चारचौघांत दिसेल असंच शिकवायचं, आणि मुलाने हात मागे घेतला तर तिथेच थांबायचं. स्टेजच्या पायऱ्यांवरून व्हीलचेअरवरच्या माणसाला काखेत धरून उचलणं तर बंदच करावं, फळीचा रॅम्प करायला असा किती खर्च येतो! कपडे बदलताना आणि टॉयलेटला मदत करताना त्या व्यक्तीला विचारून माणूस ठरवावा, मुलींसाठी बाईच, आणि दुसरं कुणीतरी हाकेच्या अंतरावर.

माणसं निवडणं

पॉक्सो नियम 2020 प्रमाणे मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करायची असते. नियमात शब्द कर्मचाऱ्यांचाच आहे, फुकट येणारा स्वयंसेवक त्यात बसतो का यावर वाद घालता येतो, आणि कलावर्ग तर स्वयंसेवकांवरच चालतात. चारित्र्य पडताळणीचा दाखला शहरात पोलीस आयुक्तालयाकडून, बाकी जिल्ह्यात ग्रामीण पोलिसांकडून मिळतो. पण दाखल्यात फक्त नोंदलेला गुन्हा दिसतो, आधीच्या ठिकाणाहून गुपचूप काढून टाकलेला माणूस दिसत नाही, म्हणून आधीच्या दोन ठिकाणी फोन करून विचारणं हे दाखल्यापेक्षा जास्त कामाचं आहे.

घरी सोडण्याची वेळ सगळ्यात नाजूक. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या बाजूचे रस्ते गच्च असतात, पालकांना यायला उशीर होतो आणि शेवटचं एक मूल शेवटच्या एका स्वयंसेवकाबरोबर हॉलमध्ये राहतं, मग तो म्हणतो मी सोडतो गाडीवरून. अशा वेळी दोन मोठी माणसं थांबायची हे आधीच ठरलेलं हवं.

भाषा आणि तक्रार

सोलापुरात घरात तेलुगू किंवा कन्नड, शाळेत मराठी, गल्लीत हिंदी-दखनी असं सर्रास असतं. बौद्धिक अक्षमता असलेली मुलगी दुखतंय, भीती वाटते, तिथे हात लावला, हे घरच्याच भाषेत सांगणार, आणि मराठी ताईला ते नुसतं कुरकुरणं वाटतं. कर्णबधिर मुलांच्या घरच्या खुणा तर आईलाच कळतात. म्हणून शरीराच्या अवयवांची आणि त्रासाची चित्रं असलेला तक्ता भिंतीवर हवा, आणि शिकवणाऱ्यांत घरची भाषा येणारं कुणीतरी एक.

तक्रार आली की 'आधी आपण आपसात चौकशी करू' असं बहुतेक जण म्हणतात, 18 च्या आतलं मूल असेल तर हे कायद्याला धरून नाही, 1098 (मुलांची हेल्पलाइन) किंवा 112 (पोलीस-आणीबाणी) ला लगेच कळवायचं. मुलाला पुन्हा पुन्हा विचारायचं नाही, पहिल्यांदा जे म्हणालं ते त्याच्याच शब्दांत तारीख-वेळेसह लिहून ठेवायचं. नाव किंवा फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही, ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे. प्रौढ व्यक्ती असेल तर तिला काय हवंय ते आधी विचारायचं, मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर 15100.

अक्कलकोट, मंगळवेढा, करमाळा अशा तालुक्यांच्या ठिकाणी खुणांच्या भाषेचा दुभाषी लगेच मिळेलच असं नसतं. पॉक्सोच्या कलम 38 मध्ये दुभाषी आणि विशेष शिक्षकाची सोय आहे, पण ऐनवेळी शोधाशोध नको म्हणून जवळच्या विशेष शाळेतल्या अशा एखाद्या शिक्षकाचा नंबर वर्ग सुरू करतानाच घेऊन ठेवावा, आणि तो शिक्षक त्या वर्गाशी संबंधित नसावा.