दीर्घ पल्ल्याची ट्रायथलॉन

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तिन्ही एकाच दिवशी, एकापाठोपाठ पुरे करण्याची शर्यत. तिचा सर्वांत प्रसिद्ध प्रकार आयर्नमॅन : ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे. बेळगावच्या हिशेबाने ५० मीटरच्या तलावाची लांबी ७६ वेळा कापायची, मग सायकलने कोल्हापूर गाठून परतताना संकेश्वरही मागे टाकायचे आणि त्यावर पूर्ण मॅरेथॉन. सर्वसाधारण मुदत १७ तासांची.

दम कोणाचा मोठा, पोहणाऱ्याचा की धावणाऱ्याचा, या वादातून १९७७ मध्ये हवाईतील ओआहू बेटावर ही कल्पना निघाली. अमेरिकी नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स यांनी त्यात सायकलपटूंचीही बाजू मांडली. त्यांनी व पत्नी जूडी यांनी बेटावरच्या तीन वेगवेगळ्या शर्यतींची अंतरे एकत्र जोडली. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण उतरले, १२ जणांनी शर्यत पुरी केली. गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत पहिला आला. १९८१ पासून शर्यत हवाईतल्याच कोना येथे गेली. पुढच्याच वर्षी महिलांमध्ये आघाडीवर असलेली जूली मॉस शेवटच्या काही मीटरांवर कोसळली आणि रांगत दुसरी आली. दूरचित्रवाणीवरच्या त्या दृश्याने ही शर्यत घरोघरी पोहोचवली.

घड्याळ मध्ये थांबत नाही. कपडे-बूट बदलण्याचा वेळही धरला जातो. स्पर्धकाला दुसऱ्याच्या सायकलमागे वाऱ्याचा आडोसा घेता येत नाही. सायकलवर खाण्यापिण्यात झालेली चूक धावताना भोवते, म्हणून ताकद राखून वापरणे हेच या खेळाचे मर्म.

बेळगाव सीमाभागाला सर्वांत जवळची मोठी स्पर्धा गोव्याची : २०१९ पासून तिथे आयर्नमॅन ७०.३ होते, म्हणजे वरच्या अंतरांच्या निम्मी. जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरला की गोवा. चढाच्या सरावाला हा घाट उत्तम, पण पावसाळ्यात निसरडा आणि धुक्याचा. विहिरीत सूर मारून पोहायला शिकलेल्याला समुद्राच्या लाटांची सवय वेगळी करावी लागते. त्याहून अवघड गोव्याचा दमटपणा. सुमारे ७५० मीटर उंचीवरच्या बेळगावच्या हवेत जो वेग सहज टिकतो, तो किनाऱ्यावर टिकत नाही. घाम सुकत नाही, अंग तापत जाते. इथल्या स्पर्धकाने धावण्याचा पहिला टप्पा मुद्दाम सावकाश घ्यावा आणि पाण्यासोबत मीठही घेत राहावे.